कंबरही दुखते, पोटही बिघडते? मग दोन्ही दुखणी एकाच डॉक्टरला सांगा



या पानावर आपण एरवी कांद्याचं रोप, डाळिंबाचा बहार, फवारणीचं वेळापत्रक यावर बोलतो. आज पिकाविषयी नाही, पीक काढणाऱ्या माणसाविषयी बोलायचं आहे. आपल्या बागलाणात कंबर दुखत नाही असं घर शोधून सापडायचं नाही. कांदा लागवडीला दिवसभर ओणवं राहायचं, पाठीवर पंप घेऊन बागेच्या ओळी फिरायच्या, चाळीतून गोण्या काढून गाडीत भरायच्या. 'मनी कंबर दुखस' हे वाक्य आपल्याकडे रामरामाइतकं सरावाचं झालं आहे. त्यामुळे कोणी ते मनावर घेत नाही. बाम चोळला, गोळी गिळली, की माणूस पुन्हा वावरात.

बहुतेकांचं त्यात भागूनही जातं. पण काही थोड्या लोकांची कंबर कष्टानं दुखत नाही. तिचं नातं आतड्याच्या एका जुनाट आजाराशी असतं. कंबरेसाठी एक डॉक्टर, पोटासाठी दुसरा, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही, अशी त्या रुग्णाची वर्षं जातात. मी डॉक्टर नाही, पंचायत समितीत कृषी विस्ताराचं काम करतो. पण ही जोडदुखणी मी स्वतः सव्विसाव्या वर्षापासून वागवतो आहे. एका ठिकाणी मूळव्याध म्हणून औषध चाललं, दुसऱ्या ठिकाणी मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा मिळाला. खरा आजार कळायला दीड वर्ष गेलं. तुमच्या घरात कोणाचं असं होत असेल तर त्याचं दीड वर्ष वाचावं, एवढ्यासाठी हा लेख.

भिगवणला काय दिसलं

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण आपल्यासारखंच शेतीवर जगणारं गाव. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं तिथं घरोघर जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' या उपक्रमातली ही पाहणी. चार हजारांवर प्रौढ माणसं तपासली, तेव्हा शंभरातल्या सुमारे १८ जणांना असलं दुखणं निघालं. म्हणजे खेड्यातला माणूस काटक, त्याला कसला संधिवात, ही समजूत खरी नाही.

आतड्याच्या आजाराचंही तसंच. हा शहरातल्या श्रीमंतांचा रोग, असं पूर्वी समजत. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाख लोकांमागे सुमारे ४४ जणांना आतड्याला व्रण पडण्याचा आजार सापडला. पंजाबचा आकडा जसाच्या तसा इकडे लागू होईल असं नाही. पण २०११ च्या जनगणनेत आपल्या तालुक्याची वस्ती साडेतीन लाखांवर होती. तोच हिशेब धरला तर एकट्या बागलाणात दीडशेच्या आसपास रुग्ण निघतील. ते कुठं आहेत? बहुतेक जण अंगावर काढत असतील.

आजार कोणता

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी यंत्रणा असते. कधी कधी ती चुकीच्या जागी लढू लागते. आतड्याच्या आतल्या अस्तरावरच ती हल्ला करते, तिथं सूज येते, व्रण पडतात, रक्त जातं. याला आतड्याचा दाह म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. मोठ्या आतड्यापुरता राहतो तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. दुसरा क्रोन. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो, पण बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दिसतो. डॉ. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली अमेरिकेत त्याचं वर्णन लिहिलं, त्यावरून हे नाव.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तिखट खाल्ल्यानं किंवा कोणी काही चारल्यानं होत नाही. बहुतेकांना ऐन तरुणपणी सुरू होतो. काही महिने बरे जातात, मग पुन्हा उसळतो. लक्षणं अशी: तीन-चार आठवडे उलटले तरी न थांबणारे जुलाब, शौचातून रक्त किंवा आव, रात्री झोपेतून उठून परसाकडे जावं लागणं, घाई अशी की दम धरवत नाही, पोटात कळ, वजन घटणं, अंगातलं रक्त कमी होणं. मूळव्याधीतही रक्त पडतं. पण त्यात महिनोन् महिने जुलाब होत नाहीत आणि वजन उतरत नाही. हा फरक ध्यानात ठेवा.

कष्टाची कंबर आणि सुजेची कंबर

डाळिंबाची पानं पिवळी पडली म्हणून नुसती पानांवर फवारणी करून भागत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुळावर सूत्रकृमीच्या गाठी आहेत का, ते उकरून बघावं लागतं. इथंही तसंच आहे. आतड्यात सूज आणणारी तीच बिघडलेली यंत्रणा मणक्यावर आणि माकडहाडाच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांवरही सूज आणते. आतड्याच्या दाहात आतड्याबाहेर जे त्रास होतात, त्यात सांध्यांचा त्रास सगळ्यात जास्त आढळतो. उलट बाजूनंही हे खरं आहे. मणके आखडण्याचा आजार असलेल्यांची आतडी दुर्बिणीनं तपासली, तर निम्म्याच्या आसपास लोकांत बारीकशी सूज सापडते, पोटाची तक्रार नसली तरी.

मग आपली कंबर कोणत्या प्रकारची, हे ओळखायचं कसं? कष्टाची कंबर काम केलं की वाढते आणि पडून राहिलं की उतरते. सुजेच्या कंबरेचं उलट असतं. ती पडून राहिलं की वाढते आणि हिंडल्या-फिरल्यावर सैल होते. पहाटे दोन-तीनला दुखण्यानं जाग येते. सकाळी उठताना पाठ लाकडासारखी ताठ असते आणि ती मोकळी व्हायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. कधी डावा कुल्ला दुखतो, कधी उजवा. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू होतं आणि तीन महिने झाले तरी जात नाही.

यातून घरात भांडणं होतात, म्हणून नीट वाचा. असा पोरगा पहाटे बारे द्यायला उठू शकत नाही. आठ-नऊला लंगडत बाहेर येतो आणि दुपारी बघावं तर चांगला काम करताना दिसतो. आई-बाप म्हणतात, सकाळी सोंग करतो. तो सोंग करत नाही. त्याच्या आजाराचं घड्याळच तसं आहे. त्याला आळशी ठरवण्याआधी एकदा तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट. हातापायांच्या सांध्यांची सूज बहुधा पोटाबरोबर चढते-उतरते. कंबरेचं तसं नाही. पोट शांत असलं तरी कंबर आपल्या तंत्रानं दुखत राहू शकते. म्हणून 'पोट बरं झालं, आता कंबर का दुखते' असं म्हणून खचू नका आणि पोटाचं औषधही सोडू नका.

दुखायची इतरही कारणं असतात

आतड्याचा आजार असलेल्याची प्रत्येक कंबरदुखी सुजेचीच असते, असं नाही. त्यालाही कष्टाची उसण भरतेच. शिवाय स्टिरॉइड खूप दिवस घेतल्यानं आणि अन्न अंगी न लागल्यानं हाडं ठिसूळ होतात, मग साध्या धक्क्यानं मणका दबतो. क्रोनच्या रुग्णाला मुतखडे जास्त होतात, त्याची कळ पाठीतच येते. कधी पोटातला पू मांडीच्या वरच्या स्नायूत उतरतो, तेव्हा ताप येतो आणि पाय सरळ करवत नाही.

आपल्या देशात सगळ्यात आधी आठवायचा तो क्षय. आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोनसारखा दिसतो, आणि मणक्याचाही क्षय होतो. दोन्हीचा उपचार मात्र अगदी वेगळा. क्रोन समजून क्षयाच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर क्षय भडकतो. म्हणून संध्याकाळचा ताप, घटतं वजन आणि कंबरदुखी एकत्र असेल तर क्षयाची तपासणी आधी. सरकारी दवाखान्यात ती तपासणी आणि औषधं मोफत आहेत. पोषणासाठी रुग्णाला दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नका. पायातली शक्ती जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पोट फुगून उलट्या, भरपूर रक्तस्राव, डोळा लाल होऊन दुखणं आणि उजेड सहन न होणं. डोळ्याची सूज हीसुद्धा याच आजाराची नातेवाईक आहे. वेळेवर थेंब मिळाले नाहीत तर नजर जाऊ शकते.

गोळीचा घोळ

डायक्लोफिनॅक हे नाव तुम्हाला जनावरांमुळे ठाऊक आहे. ते दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मेली, म्हणून २००६ साली सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. माणसांसाठी ते अजून चालतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अशी अंगदुखीची गोळी किराणा दुकानातसुद्धा मिळते. आतड्याचा दाह असलेल्याला ती मनानं घेणं धोक्याचं आहे. कंबर उतरते, पण आतड्याचे व्रण उसळू शकतात. मूत्रपिंडावर भार पडतो तो वेगळाच.

यात एक गुंता आहे. ज्याच्या फक्त मणक्याला सूज आहे, त्याला डॉक्टर पहिल्यांदा याच जातीची गोळी देतात आणि ती चांगली लागू पडते. म्हणून कंबरेच्या डॉक्टरला पोटाचा आजार सांगितलाच पाहिजे. तोंडानं विसरायला होतं, म्हणून जुने सगळे कागद एका पिशवीत ठेवून बरोबर न्या. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल आतड्याला त्यामानानं सुरक्षित, तेही डॉक्टरनं सांगितलेल्या मापात.

दुसरा धोका बिननावाच्या पुड्यांचा. 'एका पुडीत कंबर मोकळी' म्हणून जे विकलं जातं, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. आठ दिवस बरं वाटतं, पुढं हाडं पोकळ होतात, साखर वाढते. डॉक्टरनं दिलेलं स्टिरॉइडसुद्धा एकदम बंद करायचं नसतं, पायरीपायरीनं उतरवायचं असतं. तिसरा धोका मणका बसवून देणाऱ्यांचा. सुजेनं आखडलेला मणका ठिसूळ असतो, त्याला झटका दिला तर मोडू शकतो.

उपचार आहे, पण नेमाचा

१९४० च्या सुमारास स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ या बाईंनी सांध्यांच्या आजारासाठी सल्फासॅलाझिन हे औषध तयार करवून घेतलं. ते आतड्याच्या व्रणांनाही लागू पडलं. सांधे आणि आतडी यांचं नातं असं औषधातूनही दिसलं. आजही कोलायटिसला ते आणि त्याच्या जातीचं मेसालामिन वापरतात. मात्र मणक्याच्या सुजेवर त्याचा विशेष उपयोग होत नाही. त्यापुढं अॅझाथायोप्रिन, आणि आजार जोरात असेल तर इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब अशी इंजेक्शनं. ही दोन आतडं आणि मणका दोन्हीकडे काम करतात. एटॅनरसेप्ट मणक्याला चालतं, आतड्याला उपयोगी नाही. सेक्युकिनुमॅब मणक्याला चांगलं, पण आतड्याचा आजार बिघडवू शकतं. म्हणून दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवणं गरजेचं. अशी इंजेक्शनं देण्याआधी क्षयाची तपासणी करतातच.

ती महाग आहेत. २०१४ साली अडॅलिमुमॅबची भारतीय आवृत्ती निघाली, तेव्हापासून किंमत उतरली, तरी साध्या शेतकऱ्याला जडच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपला कोणता उपचार योजनेत बसतो, हे दाखल होण्याआधी त्याला विचारा. साध्या गोळ्यांसाठी जन औषधी दुकान बघा. सुरुवात आपल्या ग्रामीण रुग्णालयापासून करा. पुढच्या तपासण्यांसाठी नाशिकचं जिल्हा रुग्णालय किंवा धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईच्या केईएममध्ये पोटाचा आणि संधिवाताचा असे दोन्ही विभाग एका छताखाली आहेत. मोठ्या आतड्याचा दाह होऊन आठ वर्षं झाली की ठरलेल्या अंतरानं दुर्बिणीची तपासणी करायची असते, कारण तिथं कर्करोगाचा धोका वाढतो.

रोजचं जगणं

मी काय करतो ते सांगतो. गजर अर्धा तास लवकर लावतो. उठल्या उठल्या कोमट पाणी अंगावर घेतो, मग ओट्यावर चालतो, पाठ मागे ताणतो, छाती भरून श्वास घेतो. रात्री पातळ उशी आणि सपाट अंथरूण. दिवसातून पंधरा-वीस मिनिटं पालथा पडतो, म्हणजे पाठ पुढं वाकत नाही. पोहता येत असेल तर सोबत कोणाला तरी घेऊन विहिरीत पोहा, या कंबरेला त्याच्यासारखा व्यायाम नाही. गावोगाव फिरताना मोटरसायकल दर अर्ध्या तासाला थांबवून चार पावलं चालतो. कोणत्या गावात संडास कुठं आहे, हे मला पाठ आहे. त्यात लाज कसली?

उकिडवं बसणं हा रोजचा छळ असतो. साध्या संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, ती आणली की निम्मा त्रास कमी होतो. बिडी-सिगारेट बंद. क्रोन तिनं निश्चित बिघडतो. खाण्याचं म्हणाल तर सगळ्यांना एकच पथ्य नाही. पोट उसळलेलं असताना मऊ भात, मुगाचं वरण, केळं. शांत असताना भाकरी, भाजी, डाळ सगळं खावं, नाहीतर अशक्तपणा येतो. दूध बाधत नसेल तर सोडायचं कारण नाही. ज्यांचं आतडं अरुंद झालं आहे, त्यांनी मात्र मक्याचे आणि डाळिंबाचे दाणे टाळावेत. आपल्या डाळिंबाच्या मुलखात हे अवघड, पण गाळलेला रस प्यायला हरकत नाही.

कामाची पद्धत बदला. पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाऐवजी बांधावर उभा करायचा एचटीपी पंप आणि लांब पाइप, खुरप्याऐवजी उभ्यानं चालवायचं सायकल कोळपं. ५० किलोच्या गोणीऐवजी २० किलोचं क्रेट. अवजारांच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर भरता येतो, अडचण आली तर आपल्या कृषी सहायकाला भेटा. कामाला पूर्ण रजा मात्र देऊ नका. ही कंबर खाटेवर बिघडते.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामसेवक, आशाताई, तुम्हीही हे वाचत असाल. महिनाभर जुलाब आणि कंबरदुखी असा तरुण दिसला तर आशाताईंनी त्याला दवाखान्याच्या वाटेला लावावं. आठवडे बाजार, बस थांबा, कांद्याचा लिलाव, रोजगार हमीचं काम, या प्रत्येक ठिकाणी पाणी असलेला, कुलूप नसलेला संडास हवा. कागदावर गाव हागणदारीमुक्त आहे, पण कुलपाची किल्ली कोणाकडे असते? या रुग्णाला दोन मिनिटांचाही दम नसतो. बाईमाणसाची तर याहून अडचण. अशा माणसाला बसून करायचं किंवा हलकं काम द्या, आणि सकाळच्या हजेरीला थोडी सवलत द्या.

लग्नाच्या बोलणीतही हा आजार लपवू नये आणि त्यावरून स्थळ मोडूही नये. आजार आटोक्यात असताना मूलबाळ होतं, फक्त औषधांबद्दल डॉक्टरांना आधी विचारायचं.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना आतड्याचा हाच व्रणांचा आजार होता. २००७ साली पद सोडावं लागलं. औषध लागू पडलं, २०१२ साली परत आले आणि आजार पुन्हा उसळेपर्यंत, २०२० पर्यंत, देश चालवला. इंग्लंडचा कर्णधार माइक आथर्टन याला मणका आखडण्याचा आजार. १९९५ साली जोहान्सबर्गला तो दहा तासांहून जास्त उभा राहून नाबाद १८५ धावा करून गेला आणि सामना वाचवला. आजार दोघांचाही गेला नव्हता. तो आटोक्यात ठेवून त्यांनी आपलं काम केलं.

तर बंधूंनो, एक करा. घरात कोणाची कंबर तीन महिन्यांपासून धरलेली असेल, सकाळी पाठ ताठ होत असेल, तर त्याला आज संध्याकाळी एवढंच विचारा, 'पोट कसं आहे रे? रक्त तर पडत नाही ना?' आणि ज्याचं पोट सतत बिघडलेलं असतं, त्याला विचारा, 'सकाळी पाठ धरते का?' दोन्हीचं उत्तर 'हो' आलं, तर कांद्याचा हंगाम संपायची वाट पाहू नका. येत्या आठवड्यात सगळे कागद घेऊन दवाखाना गाठा आणि दोन्ही दुखणी एकाच डॉक्टरला, एकाच बैठकीत सांगा.